सोळापैकी सोळा

मोजणीकाकांना नाव होतं, पण ते फक्त हजेरीपुस्तकात. बाकी सगळे त्यांना मोजणीकाकाच म्हणत, अगदी त्यांची बायकोसुद्धा. "तुमचे मोजणीकाका आज पुन्हा डबा विसरलेत," असं काकू फोनवर सांगायच्या आणि त्यात थट्टा किती, वैताग किती, हे मला कधी कळलं नाही. माणूस दिसायला काडी. कानांनी जवळजवळ ठार बहिरा. सव्वीस वर्षं छापखान्याच्या बांधणी खात्यात कागद मोजण्यात गेली आणि शेजारच्या कटिंग मशीनने दोन्ही कान खाल्ले. बोटं मात्र शाबूत होती. अंगठ्याला रबरी टोपी चढवून ते गठ्ठ्याचा कोपरा वाकवायचे आणि पाच-पाच पानं असे सोडत जायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस वारा घेतोय. पण आकडा पक्का. सुरुवातीला मी तीनदा गुपचूप पडताळून पाहिला. कुणाचंही एकदम खरं मानायचं नाही हा माझा स्वभाव आहे, आणि त्यामुळे माझं फारसं कुणाशी पटत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या मनोरुग्णालयाची धुलाईची खोली. दगडी हौद तसेच होते, त्यांवर फळ्या टाकून आम्ही टेबलं केली होती. खिडक्यांना गज. शेजारच्या तीन खोल्यांत छतापर्यंत रुग्णांची कागदपत्रं रचलेली. ती सगळी कॉम्प्युटरवर घ्यायची आणि कागद लगद्याला पाठवायचे, असा वरून हुकूम होता. स्कॅनर माझ्याकडे. मी कागद मशीनमध्ये घालायची, प्रत्येक पानाची एक फाइल व्हायची. एका रुग्णाचा एक फोल्डर, एका वर्षाच्या सगळ्या रुग्णांचा मिळून एक मोठा फोल्डर. मग काका मोजायचे. आधी कागद बोटांनी, मग फाइली कॉम्प्युटरवर. दोन्ही आकडे रजिस्टरात शेजारी शेजारी लिहायचे, खाली सही करायची आणि गठ्ठ्यावर शिक्का मारायचा, 'नष्ट करण्यास हरकत नाही'. दर शुक्रवारी लॉरी यायची.

कॉम्प्युटरवर मोजायला काकांना मीच शिकवलं. फोल्डरवर बाण न्यायचा, उजवं बटण दाबायचं, यादीतलं सगळ्यात खालचं निवडायचं. छोटी चौकट उघडते, त्यात लिहिलेलं असतं: फाइली इतक्या, फोल्डर इतके. काकांना हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी ते पाच मिनिटं नुसते त्या चौकटीकडे बघत बसले. "सव्वीस वर्षं बोटं झिजवली गं मी," ते म्हणाले. "आणि हे बघ, न उघडता सांगतंय." वर्षाच्या फोल्डरची चौकट त्यांना जास्त प्रिय होती. तिथे जे फोल्डर दिसत ती माणसं होती. "एकशे शहाऐंशी," असं ते स्वतःशी म्हणायचे आणि मग भरती रजिस्टर काढून त्या वर्षी तेवढेच रुग्ण आले होते ना, हे बघायचे. एखाद्या माणसाचा फोल्डर करायचा राहून गेला असता तर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं.

एक भानगड मात्र पहिल्या महिन्यापासून होती. कॉम्प्युटरचा आकडा बहुतेक वेळा एकाने जास्त यायचा. कागद बावीस, फाइली तेवीस. काका म्हणायचे, मी वरचं वेष्टणही स्कॅन करते. मी म्हणायचे, मी वेष्टणाला हातही लावत नाही. यावर आमची दोन दिवस चांगलीच जुंपली. बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे घसा माझाच बसणार. शेवटी त्यांनी नियम करून टाकला: एक जास्त आलं तर चालेल, एक कमी आलं तर पुन्हा स्कॅन करायचं. जास्तीने कुणाचं काही जात नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला. अधूनमधून एखादा गठ्ठा बरोब्बर जुळायचा. सोळाला सोळा, एकतीसला एकतीस. मग काकांची कळी खुलायची. अशा नोंदीपुढे ते लाल पेनाने बरोबरची खूण करायचे आणि मला म्हणायचे, "बघ, मन लावून केलंस की तंतोतंत येतं." मी तोंड वाकडं करायची, पण आतून बरं वाटायचं.

अशी अडीच वर्षं गेली. बावीस वर्षांची कागदपत्रं आम्ही संपवली.

ती बाई आली तेव्हा दुपार होती आणि काका डबा खात होते. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर सुईने झालेला घट्टा. चार गल्ल्या सोडून तिचं शिवणकामाचं दुकान होतं. तिची आई या रुग्णालयात होती, इथेच गेली. बाई तेव्हा नऊ वर्षांची. आईला इथे आणलं तेव्हा चार. तिला आत्याने वाढवलं आणि आत्याने एकच गोष्ट सांगितली, की तुझ्या आईनं पुन्हा तुझं नावही काढलं नाही. आता आत्याही गेली. कागद बघायला मिळतात हे कुणीतरी सांगितलं म्हणून ती अर्ज घेऊन आली होती. सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं, पाठ केल्यासारखं.

मी फोल्डर उघडला. भरतीचा फॉर्म, डॉक्टरांचे शेरे, औषधांचे तक्ते. आणि मग एक पत्र. रुग्णांनी लिहिलेली पत्रं तिथे पोस्टात पडत नसत, डॉक्टर ती वाचायचे आणि कागदपत्रांना लावून टाकायचे. सगळ्या गठ्ठ्यांत अशी पत्रं असायची, पातळ, कांद्याच्या सालीसारख्या कागदावर. शिसपेन, मोठी मोठी अक्षरं. बाईनं खुर्ची ओढली आणि पडद्याला नाक लावून वाचायला लागली. तुझे दुधाचे दात पडले का, नीट जेवतेस का, केस कोण विंचरतं. पान संपता संपता लिहिलं होतं, 'तू विचारशील की आई परत का येत नाही. तर बाळा, तुला खरं काय ते सांगते. त्या दिवशी तुझ्या'

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी पुढची फाइल उघडली. तो वजनाचा तक्ता होता. त्याच्या पुढची, दाखल्याची प्रत. मी मागे गेले, पुढे गेले. नव्हतं.

"पुढचं पान?" तिनं विचारलं. तिचं बोलणं मी काकांच्या कानाशी ओरडून सांगत होते.

काकांनी डबा बाजूला सारला, हात धुतले, रजिस्टर काढलं. बोट फिरवत त्या नोंदीवर आले. कागद सोळा, फाइली सोळा. पुढे लाल खूण. मग तिच्यासमोर पुन्हा उजवं बटण दाबून चौकट उघडून दाखवली. सोळा.

"ताई, इथून एक पान इकडचं तिकडे होत नाही," काका म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, खणखणीत. "सोळापैकी सोळा आहेत. तंतोतंत. पुढे लिहिलं असतं तर इथे असतं."

"म्हणजे तिनं लिहिलंच नाही."

"तसंच दिसतंय."

"सांगते म्हणाली आणि सांगितलं नाही." तिनं खुर्ची मागे सरकवली. "बहुतेक सांगण्यासारखं नसेलच काही. आत्या म्हणायची ते खरं मग." मी तिला त्या एका पानाची प्रत काढून दिली. तिनं ती घडी न घालता पिशवीत ठेवली आणि आभार मानून गेली. काकांनी उरलेला डबा संपवला. मला त्या दिवशी काकांचा राग वगैरे आला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. मला वाटलं, चोख माणूस आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी माझा कॉम्प्युटर रडायला लागला म्हणून दुरुस्तीवाला आला. गलेलठ्ठ, गप्पिष्ट माणूस, काम कमी आणि तोंड जास्त. त्यानं काय काय दाबलं कोण जाणे, पण प्रत्येक फोल्डरमध्ये एक फिकट, धुरकट चौकोन दिसायला लागला. काका शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, हे काय?

"काही नाही काका, ती लपलेली फाइल आहे," तो माझ्या कानठळ्या बसतील असं ओरडला. "तुम्ही फोल्डर उघडून पानांची छोटी छोटी चित्रं बघता ना, ती पटकन दिसावीत म्हणून कॉम्प्युटर स्वतःच एक फाइल करून ठेवतो. एरवी दिसत नाही. मी दाखवायला लावलं म्हणून दिसतेय."

"मोजणीत येते?"

"बाहेरून मोजली तर येणारच की. दिसत नाही म्हणून काय झालं, आहे ना ती."

चित्रं मी बघायचे. स्कॅन नीट आलंय का, पान तिरकं तर नाही ना, म्हणून प्रत्येक फोल्डर एकदा उघडून नजर टाकायची मला सवय. मी उघडायचे, पण मोजायचे नाही. काका मोजायचे, पण उघडायचे नाहीत. इतकी साधी गोष्ट, आणि अडीच वर्षं दोघांच्याही टाळक्यात शिरली नाही.

दुरुस्तीवाला गेल्यावर मी हसून म्हणाले, "बघा, वेष्टण नव्हतंच. उगाच माझ्या नावानं शंख करत होतात." काका हसले नाहीत. ते आपल्या खुर्चीत बसले आणि एका वर्षाच्या फोल्डरवर उजवं बटण दाबलं. फाइली तीन हजार चारशे अठरा, फोल्डर एकशे शहाऐंशी. मग रजिस्टरातून त्या वर्षाच्या कागदांची बेरीज केली, दोनदा. तीन हजार दोनशे एकोणपन्नास. वजाबाकी केली आणि चिठोरा माझ्यापुढे सरकवला. एकशे एकोणसत्तर.

"एकशे शहाऐंशी फोल्डर. प्रत्येकात एक लपलेली फाइल," ते हळू म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "एकशे शहाऐंशी जास्त यायला पाहिजेत. सतरा कमी आहेत."

मला समजायला वेळ लागला. मग समजलं. जिथे एक जास्त येत होता तिथे सगळं ठीक होतं. जिथे तंतोतंत जुळत होतं तिथे एक पान गेलं होतं आणि त्याची जागा त्या लपलेल्या फाइलीनं भरून काढली होती. लाल खुणा. ज्यांच्यावर आम्ही खूश होत होतो, नेमके तेच गठ्ठे.

पान कसं गेलं हे मला कुणी सांगायला नको होतं. पातळ कागद एकमेकांना चिकटतात. स्कॅनर दोन पानं एकदम ओढतो, वरचं दिसतं, खालचं त्याच्या आड निघून जातं. जाड फॉर्म कधी चिकटत नाहीत. डॉक्टरांचा शेरा गेला नाही, औषधाचा तक्ता गेला नाही. गेली ती पत्रं.

दोन दिवस काकांनी दुसरं काही केलं नाही. बावीसही वर्षांच्या लाल खुणा मोजल्या, आणि प्रत्येक फोल्डर आतून उघडून एकेक पान मोजलं. तीनशे अकरा. मी म्हटलं, काका, एखादी तरी खूण खरी असेल. ते म्हणाले, "एकही नाही." मग ते साहेबांकडे गेले. कान नाहीत म्हणून मला सोबत नेलं, साहेबांचं बोलणं मी त्यांना लिहून दाखवायचं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "रजिस्टरात मेळ बसतोय ना?"

मी लिहिलं. काका म्हणाले, बसतोय, म्हणूनच तर सांगतोय.

"मग बसू द्या. कागद आता आहेत का पडताळायला? नाहीत. मग कोण म्हणणार आणि कशावरून? लेखी काही नको." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला. मी ते शेवटचं वाक्य जरा सौम्य करून लिहिलं, पण काकांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

लेखी नको म्हटलं तरी त्यांनी केलंच. तीनशे अकरा फोल्डर, प्रत्येकात एक नवी फाइल, एका बोटानं टाइप केलेली. 'या कागदपत्रांतील एक पान स्कॅन न होता नष्ट झाले आहे. जबाबदार: मोजणी करणारा.' नऊ दिवस लागले. मी वाचलं आणि म्हटलं, मजकूर एकच आहे, एकदा टाइप करून सगळीकडे चिकटवता येतो, मी दोन तासांत करून देते. त्यांनी मान हलवली. "माणसं वेगळी आहेत," म्हणाले. साहेबांना पत्ता लागला तेव्हा त्यांनी काकांना महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकूंनी मला फोन केला, "काय झालंय गं यांना? ताटातलं सुद्धा दिसत नाहीये." मी म्हटलं, ऑफिसात ताण आहे. तोपर्यंत मला खोटं बोलायची सवय लागली होती.

शेवटच्या आठवड्यात काका म्हणाले, त्या शिवणवाल्या ताईंकडे जायचंय, येशील का. मी म्हटलं, कशाला? काय देणार आहात नेऊन? पान तर नाही. तिची समजूत पटलीय, राहू द्या की. ते म्हणाले, "तिची समजूत मी घातली. खोटी घातली." मी चपला घातल्या.

दुकान म्हणजे जिन्याच्या वरची एक खोली. दोन मशिनं, दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, जमिनीवर चिंध्या. त्या पत्राची प्रत भिंतीवर टाचणीने लावलेली होती, मापांच्या चिठ्ठ्यांच्या रांगेत. बाईनं आम्हाला ओळखलं, बसायला स्टूल दिलं. काका बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं. लपलेली फाइल, चिकटलेले कागद, लाल खूण, लॉरी. काहीही गाळलं नाही, काहीही सावरून घेतलं नाही. ती मशीनवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे पुढचं पान होतं," ती म्हणाली. मी ते कागदावर लिहून काकांना दाखवलं, पुढचंही तसंच लिहीत गेले.

"होतं."

"काय होतं त्यात?"

"ताई, मी वाचत नव्हतो. मी मोजत होतो."

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "हातात तर धरलं होतंत ना तुम्ही? सोळा मोजले म्हणजे त्यात तेही आलं."

"आलं."

"मग एवढं तरी सांगा. पूर्ण लिहिलं होतं, की चार ओळींत सोडून दिलं होतं? एवढं तर दिसलं असेल."

मला ठाऊक होतं, त्यांना काही दिसलेलं नाही. ते कोपरा वाकवून मोजायचे. कागदाचं पोट त्यांच्या नजरेला कधी पडायचंच नाही. अडीच वर्षांत मी त्यांच्या तोंडून न मोजलेला एक आकडा ऐकला नव्हता. त्यांची बोटं शर्टाच्या कडेशी चाळा करत होती, पाच-पाच सोडल्यासारखी.

"पूर्ण होतं," ते म्हणाले. "वरपासून खालपर्यंत. शेवटच्या ओळीपर्यंत भरलेलं होतं."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. गिऱ्हाइकानं आपलं माप चुकीचं सांगितलं की बघतात तसं.

"मागच्या वेळीही तुम्ही असंच ठासून सांगितलं होतंत," ती म्हणाली.

मी कागद हातात घेऊन बसले होते, पण हे काही लिहिलं नाही. लिहायची गरज पडली नाही. काकांनी तिचे ओठ वाचले होते. त्यांनी हात जोडले आणि जिन्याकडे वळले. तिनं मशीनखाली कापड सरकवलं, पण पाय चालवला नाही.

मी दारात थांबले. ती माझ्याकडे बघत होती आणि मला वाटलं, आता विचारेल. काका मोजतात, मग कागद मशीनमध्ये कोण घालतं, असं एकदा विचारलं असतं तरी पुरे होतं. पातळ कागद एकेक करून घालायचे असतात हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आणि शुक्रवारची लॉरी गाठायची म्हणून मी गठ्ठाच्या गठ्ठा घालायची. काकांना ते माहीत होतं. तीनशे अकरा वेळा त्यांनी 'मोजणी करणारा' लिहिलं आणि एकदाही माझ्याकडे मान वळवली नाही.

तिनं विचारलं नाही. मी "येते" म्हटलं आणि खाली उतरले.